शताब्दी स्मरणिकेची छपाई आणि त्यावरून झालेला वाद: नोंदी

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या वाचनालयाला २०२४ साली शंभर वर्षं झाली. स्मरणिका काढायची ठरली, छपाई पुण्यातल्या एका प्रेसला दिली आणि माल भलताच आला. त्या काळात वहीत ठेवलेल्या या नोंदी थोड्या साफसूफ करून देतोय. दुसऱ्या एखाद्या संस्थेच्या कार्यवाहावर हीच वेळ आली तर कामाला येतील. प्रेसचं नाव मुद्दाम घातलेलं नाही, कारण वाद मिटला आहे.

९ ऑक्टोबर २०२४

ऑर्डर दिली. तीन कोटेशनं होती. सगळ्यात स्वस्त ८४ रुपये प्रत, पण त्यात नुसतं ‘बाइंडिंगसह’ एवढंच. कसलं बाइंडिंग, ते विचारलं तर फोनवर ‘आपलं नेहमीचं’. खजिनदार काकांचा जीव त्या ८४ मध्ये अडकला होता, तरी मधलं कोटेशन घेतलं: १,००० प्रती, ९८ रुपये प्रत, जीएसटी वेगळा, निम्मे आगाऊ.

ऑर्डरपत्रात लिहिलेलं: क्राउन १/४ आकार, १६० पानं एकरंगी, ८० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे साधा छपाईचा कागद, मध्ये १६ पानं रंगीत, १३० जीएसएम आर्ट पेपर, कव्हर ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन, जुजबंदी (दोऱ्याने शिवलेली बांधणी) करून वर कव्हर. समारंभ १५ डिसेंबरला, माल २५ नोव्हेंबरपर्यंत.

शिवाय कोरी डमी मागितली. म्हणजे त्याच कागदाची, त्याच बांधणीची, न छापलेली एक प्रत. प्रेसचे मालक म्हणाले, “सर, विश्वास नाही का?” म्हटलं विश्वास आहे, पण आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यांना हातात धरून बघायला लागतं. डमी आली. पहिल्या पानावर मालकांची आणि माझी सही, तारीख टाकून कपाटात ठेवली. या डमीला एक पैसाही पडला नाही.

२६ ऑक्टोबर

फाइली गेल्या. निम्मे लेख जुन्या श्री-लिपी फॉन्टमधले. युनिकोडमध्ये आणताना ‘र्‍या’ आणि ‘ऱ्ह’ जागोजाग फुटले. त्यात दिवाळीआधीचा आठवडा गेला.

जाहिरातींचं दुखणं वेगळं. दुकानदारांनी व्हिजिटिंग कार्डाचा फोटो काढून व्हॉट्सॅपवर पाठवलेला. प्रेसच्या डीटीपीवाल्या ताईंनी ईमेल केला: अमुक अमुक अकरा जाहिराती छापल्यावर फाटतील, म्हणजे धूसर आणि दातेरी येतील, चांगल्या फाइली द्या. चार जणांनी दिल्या. बाकीच्या तशाच गेल्या.

१२ नोव्हेंबर

फोन केला. “होतंय, होतंय.” २० तारखेला विधानसभेचं मतदान आहे, अर्ज माघारीनंतर सगळ्या मशिनींवर पत्रकं आणि कार्यअहवाल चढलेत. उमेदवार रोख देतात आणि आजचं आजच मागतात. वाचनालयाची स्मरणिका त्या रांगेत कुठे असणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

२८ नोव्हेंबर

माल आला, तीन दिवस उशिरा, रात्री साडेदहाला. पंचवीस पंचवीसचे चाळीस गठ्ठे. टेम्पोवाल्याला खंबाटकी घाट उतरून परत पुण्याला पोचायचं होतं, तो चलनावर सही मागत दारात उभा. वरचा गठ्ठा फोडून एक प्रत चाळली आणि चलनावर सहीच्या वर लिहिलं: ‘४० गठ्ठे मिळाले. प्रतींची मोजणी व दर्जाची तपासणी बाकी.’ चलनाचा फोटो काढला. टेम्पोवाला म्हणाला, एवढं कुणी लिहीत नाही.

२९ नोव्हेंबर

सकाळी उजेडात बघितलं. पुस्तक मिटून कडेकडून पाहिलं तर कागदाचे दोन रंग. पुढचा भाग पिवळसर, मागचा पांढराफटक, मध्ये सरळ रेघ. रेघ पान ९७ वर. म्हणजे पहिले सहा फॉर्म (एक फॉर्म म्हणजे एकत्र छापून घडी घातलेली १६ पानं) एका कागदावर आणि शेवटचे चार दुसऱ्या. मागच्या भागात पलीकडची अक्षरं आरपार दिसतात. १०३ वरच्या जुन्या सभासदांच्या यादीत तर मागच्या पानाचा मथळा उलटा वाचता येतो.

नुसतं ‘कागद पातळ आहे’ म्हटलं असतं तर समोरून ‘नाही’ आलं असतं. म्हणून एक प्रत फाडली. पान १ ते ४० ची वीस पत्रं (एक पत्र म्हणजे पुढचं-मागचं मिळून दोन पानं) वेगळी, ९७ ते १३६ ची वीस वेगळी, आणि चौकातल्या सराफाकडे गेलो. काट्यावर पुढची वीस ७१ ग्रॅम, मागची वीस ५८.

हिशोब सोपा आहे. एक पत्र १८.४ बाय २४.१ सेंटिमीटर, वीस पत्रं मिळून ०.८८७ चौरस मीटर. वजनाला त्याने भागलं की जीएसएम. ७१ चे ८०, ५८ चे ६५. एकाच प्रतीतले दोन कागद एकाच काट्यावर ठेवले की काटा चुकीचा, हवा दमट, असली सबब उरत नाही. काट्याचा आकडा आणि पानांचे क्रमांक एकाच फोटोत येतील असे फोटो काढले. सराफांनी पैसे घेतले नाहीत. त्यांची जाहिरात पान १२ वर आहे आणि ती धड छापली गेली आहे.

दुसरा दोष बांधणीचा. जुजबंदी नाहीच. कुठल्याही फॉर्मचं मधलं पान उघडा, दोरा नाही. पाठ घासून गरम गोंद लावलेला, सरळ परफेक्ट बाइंडिंग. त्यात आर्ट पेपर. त्याच्या गुळगुळीत थरात गोंद मुरत नाही, त्यामुळे ८० आणि ८१ च्या मधली १६ रंगीत पानं पुस्तक दोनदा पूर्ण उघडलं की झुबक्याने हातात येतात. शंभर वर्षांतले सगळे फोटो नेमके तिथे आहेत.

तिसरा दोष दुपारी सापडला, ग्रंथपाल ताईंना. काही प्रतींत ११३ ते १२८ हा फॉर्म दोनदा आणि १२९ ते १४४ गायब. मग अभ्यासिकेतली मुलं बसवली. पूर्ण प्रत चाळायची नाही, फक्त १२९ उघडायचं. सापडलं तर इकडे, नाही तर तिकडे. संध्याकाळपर्यंत हजार संपल्या. ६१ प्रती बाद. मुलांना वडापाव, खर्च ३६० रुपये.

फाटलेल्या जाहिराती तक्रारीत घातल्या नाहीत. प्रेसचा ईमेल आमच्याकडे होता आणि त्यांच्याकडेही. काका म्हणाले, लिहून टाका, नंतर सोडता येईल. वकीलसाहेबांनी ठाम नाही म्हटलं: एक खोटा मुद्दा घातलात की समोरचा त्याच्यावरच बोलत बसेल.

३० नोव्हेंबर

आधी फोन. मालक म्हणाले, “प्रिंटिंगमध्ये एवढं इकडंतिकडं होतंच. वाचणाऱ्याला कळतंय का?” मी वाद घातला नाही. त्याच दिवशी दोन पानी पत्र रजिस्टर एडीने आणि ईमेलने पाठवलं. दोष तीन, पान क्रमांकांसह, वजनाचे आकडे, ६१ प्रतींचा उल्लेख, डमीची आठवण. शेवटी ‘हा माल ऑर्डरप्रमाणे नसल्याने आम्ही तो स्वीकारलेला नाही, प्रती आपल्या ताब्यासाठी वाचनालयात ठेवल्या आहेत.’ पत्रात ‘फसवणूक’ शब्द होता, तो वकीलसाहेबांनी खोडला. फसवणूक म्हटलं की समोरचा वकील गाठतो, कमी दर्जा म्हटलं की निदान बिल काढून बघतो.

२ डिसेंबर

अध्यक्ष सर आणि मी प्रेसवर. बरोबर डमी, एक चांगल्यातली प्रत, एक बाद प्रत. अध्यक्ष सरांनी एवढंच केलं: डमी आणि स्मरणिका शेजारी शेजारी ठेवून दोन्ही मधोमध उघडल्या. डमी टेबलावर सपाट पडून राहिली. स्मरणिका मिटली, आणि फोटोंचा झुबका मालकांच्या चहाच्या कपाशी गेला.

मग खरं बाहेर आलं. निवडणुकीच्या धांदलीत ८० चा कागद संपला, शेवटचे चार फॉर्म दुसऱ्याच्या मशीनवर काढून घेतले, त्याच्याकडे होता तो कागद लागला. बाइंडिंगही बाहेर. तिकडच्या माणसाने जुजबंदीची चिठ्ठी वाचलीच नाही. ऑर्डरपत्रात ‘काम दुसरीकडे द्यायचं नाही’ असं कलम नव्हतं, पण कागद आणि बांधणी काय हवी ते होतं, आणि तेवढं पुरलं.

आम्ही म्हटलं, उलगडून परत शिवा. त्यावर त्यांच्या बाइंडिंगच्या जुन्या कारागिरांनी जे दाखवलं ते मला माहीत नव्हतं. परफेक्ट बाइंडिंगला पाठ घासतात तेव्हा फॉर्मची घडीच कापली जाते. घडी गेली की ती नुसती सुटी पानं. दोरा ओवायचा कशातून? म्हणजे चार फॉर्म बदलून देणंही शक्य नाही. दुरुस्ती एकच, कडेने टोचून टाके घालणं. नाही तर सगळं नव्याने छापणं.

मालकांचा पहिला देकार: “कागदाचा फरक आणि जुजबंदीचे पैसे कापा.” बेरीज आठ हजार.

३ डिसेंबर

घरी बसून त्यांचा देकार तपासला. चार फॉर्म म्हणजे ३२ पत्रं, दर चौरस मीटरला १५ ग्रॅम कमी, हजार प्रती: साधारण २१ किलो कागद. बाजारभावाने दोन हजार रुपये. जुजबंदी प्रतीला सहा रुपये, म्हणजे सहा हजार. त्यांचा हिशोब चोख होता!

आणि तिथेच मेख आहे. दोन हजारांच्या कागदासाठी आमची ६४ पानं वाचायला त्रासदायक झाली, सहा रुपयांच्या दोऱ्यासाठी फोटो निखळले. प्रेसने किती वाचवले या वाटेने गेलो असतो तर आठ हजारांवर गप्प बसावं लागलं असतं. वकीलसाहेब म्हणाले, मालविक्री कायदा १९३० च्या ५९ व्या कलमाखाली किंमत कमी करून मागता येते, आणि ती मोजायची तर ठरलेला माल कितीचा असता आणि हातात आलेला कितीचा आहे, यातल्या फरकाने. छपाई ही विक्री की सेवा यावर वकील लोक दिवसभर बोलू शकतात, पण बोलणी करायला हे माप पुरेसं आहे.

माप हवं तर लेखी पुरावा हवा. साताऱ्यातल्या एका बाइंडरकडून लेखी दर घेतला: कडेने टाके, पाठीला कापडी पट्टी, प्रतीला १४ रुपये. आमचा आतला समास पाऊण इंच होता म्हणून हे जमणार होतं. अर्धा असता तर ओळींची सुरुवात टाक्यांत गेली असती.

५ डिसेंबर

प्रेसचा व्हॉट्सॅप: ‘आमची उद्यम नोंदणी आहे. पैसे थकवलेत तर समाधान पोर्टलवर केस टाकू, व्याज लागेल.’ काका घाबरले.

धमकी पोकळ नव्हती. समाधान पोर्टल म्हणजे लहान उद्योगांच्या थकलेल्या बिलांच्या तक्रारींची सरकारी साइट. एमएसएमईडी कायदा २००६ (लहान-मध्यम उद्योगांचा कायदा) प्रमाणे लहान उद्योगाचं बिल मुदतीत द्यावंच लागतं. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे नाही. थकलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. पण त्याच कायद्यात ‘स्वीकृतीचा दिवस’ कसा धरायचा हेही आहे. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली, तर ती हरकत दूर होईल तो स्वीकृतीचा दिवस. १५ दिवसांत लेखी काही गेलं नाही, तर माल मिळाला तोच दिवस.

आमचा माल २८ नोव्हेंबरचा, पत्र ३० चं. नुसत्या फोनवर राहिलो असतो तर १३ डिसेंबरला हा दरवाजा बंद झाला असता, आणि समारंभाच्या गडबडीत आम्हाला तो बंद झालेला कळलाही नसता. उत्तरात पत्राची तारीख आणि पोस्टाची पावती पाठवली, बाकी काही नाही. पुन्हा पोर्टलचं नाव निघालं नाही.

९ डिसेंबर

समारंभाचा पेच. प्रती वाटल्या तर ‘माल वापरला म्हणजे स्वीकारला’ असं होतं. नाही वाटल्या तर प्रकाशन कशाचं? तोडगा म्हणून ईमेल केला: ‘आमच्या हरकती व हक्क अबाधित ठेवून, केवळ १५ तारखेच्या कार्यक्रमापुरत्या १२० प्रती वापरत आहोत.’ मालकांनी ‘ओके’ लिहिलं. ते दोन अक्षरी उत्तर प्रिंट काढून फाइलला लावलं.

१५ डिसेंबर

प्रकाशन झालं. पाहुण्यांनी प्रत उघडून फोटो दाखवण्याचा बेत सूत्रसंचालकांना आधीच रद्द करायला लावला होता. तरी त्यांनी उघडलीच. नशीब, ती हाताने निवडलेली होती.

२१ डिसेंबर

पुन्हा प्रेस. या वेळी वकीलसाहेबही. त्यांनी ग्राहक आयोगाचा मसुदा पिशवीत ठेवला होता, टेबलावर काढला नाही. फक्त बोलता बोलता म्हणाले की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे साताऱ्यात, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. स्मरणिकेत जाहिराती असल्यामुळे ‘हे व्यापारी काम’ असा आक्षेप आला असता, हे त्यांना माहीत होतं. मालकांना दर तारखेला खंबाटकी चढायची कल्पना जास्त खटकली असावी.

खरा उपयोग झाला दुसऱ्याच एका कायद्याचा. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याने प्रकाशकाला कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रकाशनापासून ३० दिवसांत प्रत पाठवावी लागते. कोलकात्याला जाणारी प्रत छापल्या गेलेल्यांतल्या उत्तम कागदावरची, नीट बांधलेली किंवा शिवलेली हवी. अध्यक्ष सर म्हणाले, “शेठ, तिथे आमच्या नावाखाली मुद्रक म्हणून तुमचं नाव जाणार. कुठली प्रत पाठवू?” मालकांनी पान २ वरची मुद्रकाची ओळ पाहिली. तिसऱ्या पिढीचा प्रेस आहे. मला वाटतं, बोलणी तिथे वळली.

ठरलं ते असं, लेटरहेडवर, दोघांच्या सह्यांनी: ३०० प्रती प्रेस स्वखर्चाने नव्याने छापणार, ८० जीएसएम, जुजबंदी, १० जानेवारीपर्यंत, बाद ६१ धरून जुन्या ३०० परत नेणार. उरलेल्या ७०० आम्ही ९८ ऐवजी ७५ रुपयांनी ठेवणार. म्हणजे १६,१०० रुपये कमी, त्याची क्रेडिट नोट (बिल तेवढं कमी केल्याचा कागद) त्यावरच्या जीएसटीसह. आगाऊ ४९,००० गेलेले, उरले ३२,९०० आणि कर.

२३ रुपयांची सूट कशी आली? १४ टाक्यांचे, बाकी ९ पातळ कागदाचे आणि मनस्तापाचे. आम्ही तिसापासून सुरू केलं होतं, ते पंधरापासून.

१० जानेवारी २०२५

मालकांचा निरोप: प्रती तयार, आधी पैसे, मग माल. काका भडकले. पण केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क कारागिराला करार कायद्याच्या १७० व्या कलमाने आहेच, ठरलं त्याप्रमाणे काम झालेलं असलं तर. तेव्हा उलटं सुचवलं: आम्ही येतो, तिथेच तपासतो, तिथेच पैसे देतो.

सराफांचा छोटा काटा उसना नेला. कुठल्याही गठ्ठ्यातली कुठलीही प्रत काकांनी काढायची. शेवटची वीस पत्रं ७० ग्रॅम. फॉर्मच्या मध्यात पांढरा दोरा, बोटाने ओढून पाहिला. १२९ वं पान आहे. काकांनी मोबाइलवरून तिथेच पैसे पाठवले आणि मालकांनी चहा सांगितला, या वेळी कप दूर ठेवून.

११ जानेवारी

कोलकाता, चेन्नई, मुंबई, दिल्ली पार्सलं गेली. मुदत १४ ची होती.

१८ जानेवारी

क्रेडिट नोट आली. मूळ बिलाचा क्रमांक चुकलेला. परत पाठवून दुरुस्त करून घेतली, नाहीतर ऑडिटर तेच घेऊन बसले असते.

नव्या प्रती लेखक, देणगीदार आणि इतर वाचनालयांना. जुन्यांपैकी २०० ना टाके घालायला दिले, २,८०० रुपये. पट्टी निळी मागितली होती, बाइंडरने लाल लावली. चालेल. बाकीच्या सभासदांना, ‘फोटोंची पानं जपून उघडा’ अशी चिठ्ठी घालून.

पुढच्या ऑर्डरपत्रासाठी दोन ओळी फाइलला लावल्या आहेत: काम दुसरीकडे द्यायचं तर आधी लेखी विचारायचं, आणि बाइंडिंगला जाण्याआधी प्रत्येक छापील फॉर्मचा एक कागद आमच्याकडे पाठवायचा. हा दुसरा मुद्दा असता तर सगळं २० नोव्हेंबरच्या आसपासच पकडलं गेलं असतं, घडी कापली जायच्या आत.

फाटलेल्या सात जाहिरातींपैकी दोघांनी उरलेले पैसे द्यायला नकार दिलाय, चार हजार. त्यांना प्रेसचा तो ईमेल दाखवला. एक जण म्हणाले, मग मला तेव्हाच का नाही सांगितलं? सांगितलं होतं, मेसेजही आहे. तो काढून उद्या त्यांच्या दुकानात जायचंय.